ॲस्पिडिस्ट्राची पानं दर पावसाळ्यात बुडातून सुटतात? आधी कंद किती खोल आहे ते बघा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय का ते कळेल. भिंतीलगतची किंवा मोठ्या झाडांखालची, दिवसभर सावलीत राहणारी ओलसर जागा. तिथे ॲस्पिडिस्ट्राचा चांगला भरलेला ठोंब. कोरड्या महिन्यांत पानं गर्द हिरवी आणि ताठ. पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की मधलंच एखादं पान निस्तेज होतं, आठवडाभरात पिवळं पडतं, आणि देठाला धरून हलकंसं ओढलं तर बुडातून अलगद सुटून हातात येतं. देठाचं टोक तपकिरी, मऊ, बोटांना चिकट लागणारं. मग दुसरं पान, तिसरं पान. पाऊस ओसरला की हे थांबतं. आपल्याला वाटतं, सावरलं एकदाचं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, आणि आता पानं मुळातच कमी असतात.

माझ्या बागेत हे लागोपाठ तीन पावसाळे चाललं. पहिल्या वर्षी मला वाटलं जमिनीतला कस गेला असेल, म्हणून पाऊस सरल्यावर ठोंबाभोवती दोन टोपल्या गांडूळखत पसरलं. दुसऱ्या वर्षी बुरशीचा संशय आला, तेव्हा पानांवर फवारणी केली आणि वरून खत दिलंच. तिसऱ्या वर्षी 34 पानांपैकी 11 उरली. तेव्हा कुठे खुरपं घेऊन बसले आणि मातीखाली काय चाललंय ते पाहिलं. मी उपाय म्हणून जे करत होते त्यानेच दुखणं दर वर्षी वाढत होतं. तुमचं पहिलंच वर्ष असेल तर खत आणि फवारणी बाजूला ठेवा आणि आजच बुडाशी माती उकरून बघा.

ॲस्पिडिस्ट्राला जमिनीच्या वर खोड नसतं. त्याचं खोड आडवं असतं, मातीच्या पृष्ठभागालगत सरपटत जातं. आपण त्याला सोयीने कंद म्हणतो. त्या कंदावरून एकेक पान सुटं वर येतं, देठासकट दीड-दोन फुटांचं, आणि खालून जाड, पांढरट मुळं जातात. वाढ अतिशय सावकाश. कंदाच्या एका वाढत्या टोकाला वर्षभरात मोजकीच नवी पानं येतात, पण आलेलं पान वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून इथे दोन-तीन पानं गेली तर ते नुकसान किरकोळ नसतं, अख्ख्या वर्षाची वाढ गेलेली असते.

इंग्रजीत या रोपाला कास्ट आयर्न प्लांट म्हणतात, म्हणजे बिडाचं रोप. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये अंधाऱ्या बैठकीच्या खोल्यांत, गॅसच्या दिव्यांच्या धुरात बाकीची रोपं माना टाकायची तेव्हा हे टिकून राहायचं, म्हणून ते नाव पडलं. नाव खरं आहे: कमी उजेड, धूळ, पाण्याचा विसर, थंडी, सगळं ते सोसतं. पण त्या नावाच्या भरवशावर आपण त्याला बागेतल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात नेऊन लावतो. पागोळ्या पडतात तिथे, पन्हाळीचं पाणी उतरतं तिथे, जिथे दुसरं काही जगत नाही तिथे. पाण्याखाली कंद गुदमरणं ही एक गोष्ट मात्र त्याला सोसत नाही.

आता कोणी म्हणेल, हे तर जंगलातलं रोप, ओल त्याला वावडी कशी? बरोबर आहे. ॲस्पिडिस्ट्रा एलॅटिअर ही आपल्या सगळ्यांकडे असलेली जात मूळची दक्षिण जपानच्या बेटांवरची, सदाहरित झाडांच्या सावलीतली. तिथे पाऊस भरपूर. पण जंगलाच्या जमिनीवर पालापाचोळ्याचा भुसभुशीत थर असतो, त्यात गांडुळांची आणि जुन्या मुळांची भोकं असतात आणि वरच्या झाडांची मुळं सतत पाणी ओढून घेत असतात. तिथे पाणी येतं आणि निघून जातं. शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मातीच्या कणांभोवती ओलावा, आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा. मूठ दाबली की मातीचा गोळा होतो, अंगठ्याने दाबला की सहज फुटतो. ॲस्पिडिस्ट्राला वर्षभर हा वाफसा हवा असतो. आपल्या सावलीच्या कोपऱ्यात ओल असते, पण पोकळ्यांमध्ये हवेऐवजी पाणी बसलेलं असतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. मुळांना श्वास घ्यायला तो पुरत नाही. आधी मुळांची टोकं मरतात, मग त्या मेलेल्या भागात कूज शिरते. पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे कुजवणारे जीव तर पाण्याने भरलेल्या पोकळ्यांतून अक्षरशः पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात.

सावलीने हे आणखी लांबतं. उन्हातल्या वाफ्यात तितकाच पाऊस पडला तर दोन दिवसांत बरंचसं पाणी उडून जातं, काही पानं ओढून घेतात. सावलीत हवा थंड, वारा कमी, पानांचं पाणी उडण्याचं प्रमाणही कमी. त्यामुळे उन्हात दोन दिवस राहणारं पाणी सावलीत आठवडाभर तसंच बसून राहतं.

खुरप्याने उकरल्यावर मला काय दिसलं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडेही बहुधा असंच काहीतरी दिसेल. वरचे दोन बोटं काळंभोर, भुसभुशीत खत, हाताला छान लागणारं. त्याखाली गेल्या वर्षीचा थर, बसलेला, गच्च. त्याच्याही खाली पानांचा एक चपटा, कागदाच्या लगद्यासारखा चिकटलेला थर. तो खुरप्याने उचलला तर एकसंध निघाला आणि त्याखालून सडक्या अंड्यासारखा वास आला. तो वास म्हणजे तिथे हवा पोचलेली नाही याची खूण. कंद सापडला तो पृष्ठभागापासून चार बोटं खाली. लावला तेव्हा तो मातीच्या पातळीला होता. ठोंब खाली गेला नव्हता. मी दर वर्षी खताचे थर देऊन त्याच्यावरची जमीन वर आणली होती.

कंदाच्या एका बाजूचा तुकडा तपकिरी होता. बोटाने दाबला तर साल घसरली आणि आतून पाणी आलं. त्याला जोडलेली मुळं ओढली की बाहेरचं आवरण निघून यायचं आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा राहायचा. दुसऱ्या टोकाला मात्र कंद टणक होता, आणि त्यातून एक पांढरा, बोटभर लांबीचा कोंब सरळ वर, पृष्ठभागाच्या दिशेने निघालेला होता. गाडलं गेलेलं रोप सगळी शक्ती वर यायला वापरत होतं. तो कोंब पाहून फार वाईट वाटलं, आणि धीरही आला.

दर वर्षी खत का घातलं, याचं एक साधं कारण आहे आणि ते बहुतेकांचं असेल. ॲस्पिडिस्ट्राचा कंद वाढता वाढता स्वतःहून वर येतो, मातीतून उघडा दिसू लागतो. उघडं मूळ दिसलं की कुठल्याही बाग करणाऱ्या माणसाचा हात माती टाकायला जातो. गुलाबाला, झेंडूला ते चालेल. इथे तो उघडा दिसणारा कंद निरोगी असतो. त्याला झाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट या दुखण्याला लपवून ठेवते. ॲस्पिडिस्ट्राचं पान जाड आणि चिवट असतं. फुलांच्या सजावटीत ते याचसाठी वापरतात: कापून पाण्यात ठेवलं तरी कित्येक आठवडे हिरवं राहतं. मुळाविना पान इतके दिवस टिकत असेल, तर कुजलेल्या कंदावर उभं असलेलं पानही तितके दिवस हिरवंच दिसणार. म्हणजे आज पिवळं पडलेलं पान खाली काही आठवड्यांपूर्वीच तुटलं होतं. आपण पानाकडे बघून निदान करतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि मुळं नसलेलं पान थोडं मलूल झालं की माती ओली असतानाही आपण पाणी घालतो, तो तर सरळ घातच.

तेव्हा निदान असं करा. पिवळं पान दिसलं की आधी ते कुठलं आहे ते बघा. ठोंबाच्या जुन्या भागातलं, कडेचं एखादं पान वर्षात कधीतरी पिवळं पडलं, देठ मात्र बुडाशी घट्ट आहे आणि ओढून येत नाही, तर ते म्हातारं झालेलं पान आहे. बुडाशी कापा आणि विसरा. पान मधलं किंवा तरुण असेल आणि ओढल्यावर अलगद आलं तर कूज आहे. मग त्या जागेची माती बोटांनी बाजूला करून कंद उघडा करा आणि त्यावर किती जाडीचा थर आहे ते मोजा. नखाने कंद टोचा. निरोगी कंद कच्च्या बटाट्यासारखा टणक असतो, कापला तर आतून पांढरट किंवा फिकट मलईच्या रंगाचा. नख सहज आत गेलं, रंग तपकिरी असला, तर तो भाग गेला. मातीचा वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. आंबट किंवा कुजका वास आला की समजा, पाणी तुंबतंय.

खोली ठीक निघाली आणि तरीही कूज असेल, तर निचरा तपासा. त्याच वाफ्यात, ठोंबापासून हातभर दूर, 30 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि आता तासाला पातळी किती उतरते ते काठीवर खूण करून मोजा. पहिल्यांदा भरलेलं पाणी कोरडी माती शोषून घेते, त्यामुळे दुसऱ्या वेळचं मोजमाप खरं धरायचं. तासाला 2.5 सेंटिमीटर किंवा जास्त उतरत असेल तर जमीन चालण्यासारखी आहे. त्याहून कमी असेल तर त्या पातळीवर ॲस्पिडिस्ट्रा लावूच नका, वाफा उंच करावा लागेल. रात्रभरात पाणी तसंच राहिलं तर ती जागा पाणथळ वनस्पतींची, तिथे या रोपाला ठेवणं म्हणजे दर वर्षी त्याला आजारी पाडणं.

एक इशारा इथेच देते, कारण त्यात घाई लागते. उकरताना देठांच्या बुडाशी पांढऱ्या रेशमासारखे, पंख्यासारखे पसरलेले धागे दिसले आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारखे पांढरे ते तपकिरी गोल कण असतील, तर ती साधी पाणी तुंबल्याची कूज नव्हे. ती स्क्लेरोशियम रॉल्फ्साय नावाची बुरशी. उबदार आणि दमट दिवसांत ती झपाट्याने पसरते, आणि ते मोहरीसारखे कण मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. असा ठोंब सोडवत बसू नका. पूर्ण काढा, भोवतालची निदान वीतभर खोल माती पसरू न देता पिशवीत भरा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. खुरपं, कात्री, हातमोजे, चपला, सगळं धुवा. त्या जागी पुन्हा नाजूक बुडाची रोपं लावण्याची घाई करू नका. निरोगी दिसणारा एखादा तुकडा ठेवायचाच असेल तर तो कुंडीत, नव्या मातीत, इतर रोपांपासून लांब वाढवा.

साधी कंदकूज असेल तर रोप वाचतं. माझं वाचलं. पद्धत सांगते.

भर पावसात ठोंब उचलायची गरज नाही, उलट त्याने जखमा वाढतात. पावसाचे दिवस चालू असतील तर एवढंच करा: कंदावरचा सगळा थर बोटांनी बाजूला करून कंदाची पाठ उघडी करा, सुटलेली पानं काढा, पन्हाळीचं पाणी येत असेल तर ते वळवा आणि वाफ्याच्या उताराच्या बाजूला खुरप्याने एक उथळ चर काढा. एवढ्यानेच पुढची गळती बरीच कमी होते. खत, औषध काहीही घालू नका. मुळं कुजलेल्या रोपाला खत दिलं तर त्यातले क्षार उरलेल्या मुळांना भाजतात.

खरी दुरुस्ती पाऊस सरल्यावर, नवी पानं निघायच्या आधी. ठोंब सगळ्या बाजूंनी वीतभर अंतर राखून सुटा करा आणि मातीच्या गोळ्यासकट उचला. मुळं ठिसूळ असतात, ओढू नका. पाण्याच्या बारीक धारेखाली माती धुऊन टाका, म्हणजे कंदाची वळणं दिसतील. धारदार कात्रीने किंवा सुरीने कुजलेला भाग कापा. तपकिरी रंग संपून आतून स्वच्छ पांढरट भाग लागेपर्यंत कापत जायचं. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर एका जागची कूज आपणच दुसरीकडे नेतो. एवढा कंद कापायला जीव होत नाही, मला माहीत आहे. पण पाव इंच कुजका भाग शिल्लक ठेवला तर पुढच्या पावसात तो सगळं पुन्हा सुरू करतो. उरलेल्या तुकड्यांपैकी प्रत्येकाला दोन-तीन पानं आणि थोडी जिवंत मुळं असली की ते स्वतंत्र रोप होऊ शकतं. पानं नसलेला पण टणक, डोळा असलेला तुकडाही फेकू नका. माझ्या अशा एका तुकड्याला दहा महिन्यांनी पान आलं. कापलेले तुकडे दिवसभर सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या, कापाची जागा कोरडी झाली पाहिजे.

तोवर वाफा तयार करा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर उंच गादीवाफा, कडांना उतार. त्यात निम्मी बागेची माती, बाकी निम्म्यात पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि भरड वाळू किंवा बारीक खडी. बारीक वाळू नको. चिकण मातीत ती मिसळली की सगळं आणखी गच्च बसतं. ताजं शेणखतही नको. आणि एक चूक टाळा, जी मी टाळली नाही: गच्च जमिनीत फक्त खड्डा खणून त्यात सुपीक मिश्रण भरलं की तो खड्डा हौद होतो. चारी बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. मिश्रण जमिनीच्या वर हवं. ते टाकायच्या आधी खालची जमीन काट्याने सैल करून घ्या.

लावताना कंदाची पाठ मातीच्या पातळीला, किंवा केसभर वर. मुळं खाली पसरून त्यांच्यावर माती, पण कंदावर नाही. नवा वाफा पहिल्या दोन-तीन महिन्यांत खाली बसतो, म्हणून लावताना सगळं दोन बोटं उंचच ठेवा. पायाने दाबू नका, पाणी घालून माती बसू द्या. वर पालापाचोळा घालायचा असेल तर सैल, फार तर बोटभर, आणि देठांच्या बुडापासून चार बोटं दूर. मोठ्या, सपाट पानांचं आच्छादन पावसात चिकटून पापुद्रा होतं, तेच मला लगद्याच्या थरात दिसलं होतं. पानं चुरडून टाकली तर असा पापुद्रा होत नाही.

ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) घालावा का, असं बरेच जण विचारतात. कुजलेल्या खतात मिसळून नव्या वाफ्यात घातला तर उपयोग होऊ शकतो, पण तो प्रतिबंधासाठी. मेलेला कंद त्याने जिवंत होत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात तोही फारसं काही करू शकत नाही. रासायनिक बुरशीनाशक त्याच सुमारास घालणार असाल तर ट्रायकोडर्मावरचे पैसे वाया जातील.

यानंतर धीर धरावा लागतो. उचललेला ॲस्पिडिस्ट्रा एखादा हंगाम नुसता बसून राहतो. एक-दोन जुनी पानं आणखी जातात, ती मुळं कापल्याची किंमत. बुडातून सुटत नसतील तर घाबरू नका, आणि रोज उकरून बघू नका. माझ्या वाफ्यात सात महिने काहीही घडलं नाही. मग एका सकाळी कंदाच्या टोकाला पेन्सिलीच्या टोकासारखी, घट्ट गुंडाळलेली, फिकट हिरवी सुरळी दिसली. ती उलगडायला आणखी बरेच आठवडे गेले.

पाण्याचं गणितही बदला. सावलीतल्या वाफ्याला वाराप्रमाणे पाणी घालण्यात अर्थ नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे ओल लागली तर पाणी नाही, मग वरून कितीही कोरडं दिसो. तिथे कोरडं लागलं की एकदाच भरपूर, मुळापर्यंत जाईल असं घाला. दररोज थोडं थोडं शिंपडल्याने फक्त देठांचं बूड ओलं राहतं, आणि तेच आपल्याला नको आहे. कुंडीतल्या रोपाचा नियमही हाच, फक्त बाहेरच्या शोभेच्या भांड्यात तळाशी पाणी साचलंय का ते उचलून बघा.

ॲस्पिडिस्ट्राच्या काही दुसऱ्या तक्रारींची कंदकुजीशी गल्लत होते. पानावर फिकट, पांढुरके, मग कागदासारखे वाळणारे पट्टे आले तर ते ऊन आहे. वरची एखादी फांदी छाटल्यावर हे हमखास दिसतं. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, सावली करा आणि नव्या पानाची वाट बघा. तपकिरी टोकं बहुतेक वेळा खताच्या किंवा पाण्यातल्या क्षारांमुळे, नाहीतर माती फार कोरडी पडून मग एकदम भिजल्यामुळे. मध्ये फिकट आणि कडेने गडद तपकिरी असे ठिपके हा करपा. पानं ओली राहिली की पसरतो. ती पानं कापा, पाणी बुडाशीच घाला.

पानावर आडव्या ओळीत सारख्या अंतराने भोकं दिसली तर गोंधळून जायला होतं, कुणी पंच मशीन चालवल्यासारखी. ते काम गोगलगायीचं. पानाची अजून गुंडाळलेली सुरळी असताना तिने एकाच जागी चावा घेतला, तो सगळ्या घड्यांतून आरपार गेला, आणि पान उलगडल्यावर त्याची ओळ झाली. सुरळ्या निघतात त्या दिवसांत रात्री विजेरी घेऊन वेचणं याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

आणि पानाच्या खाली, शिरांलगत बारीक पांढऱ्या रेघा विखुरलेल्या दिसल्या, सोबत तपकिरी शिंपल्यासारखे ठिपके, तर ती खवले कीड. हिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच आपलं रोप आहे, पिन्नास्पिस ॲस्पिडिस्ट्री. पांढऱ्या रेघा नरांच्या, तपकिरी शिंपले माद्यांचे. ओल्या मऊ फडक्याने पान पुसून काढा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानाच्या खालच्या बाजूला फवारा, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा, कारण कवचाखालची अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत.

पट्ट्यांच्या जातीत नवी पानं निव्वळ हिरवी येऊ लागली तर खत कमी करा.

खोली बरोबर आहे की नाही, याची एक सुंदर खूण रोप स्वतःच देतं, आणि ती बहुतेकांनी पाहिलेली नसते. ॲस्पिडिस्ट्राचं फूल जमिनीलगत उमलतं, थेट कंदावर. मातीला टेकलेली, जाडसर, जांभळट आणि मलईच्या रंगाची छोटी वाटी. आत मध्यभागी छत्रीसारखं पसरलेलं चकतीवजा टोक. दुरून बघितलं तर अळंबी उगवलीय असं वाटावं. इतक्या खाली फूल का, हे कोडं बराच काळ होतं. गोगलगायी किंवा पालापाचोळ्यातले उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव परागण करत असतील असा समज होता. जपानच्या कुरोशिमा बेटावर केन्जी सुएत्सुगु आणि मासाहिरो सुएयोशी यांनी फुलांजवळ बसून निरीक्षणं केली, आणि बुरशीवर वाढणाऱ्या चिमुकल्या माश्या हे काम करतात असं 2018 मध्ये मांडलं. फूल दिसायला अळंबीसारखं आणि येणारी माशी अळंबीवर जाणारी, हे वाचल्यापासून मी त्या फुलांकडे वेगळ्या नजरेने बघते.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की फूल मोकळ्या हवेत उघडायचं तर कंद पृष्ठभागालाच असायला हवा. माझ्याकडे रोप येऊन नऊ वर्षं झाली होती आणि मी एकदाही फूल पाहिलं नव्हतं. नव्या वाफ्यात लावल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, थंडी सरताना, देठांमधला चुरा बोटाने बाजूला करत होते तेव्हा पाच दिसली, एकाला अर्धवट पाचोळा चिकटलेला. तुम्ही इतकी वर्षं फूल पाहिलं नसेल तर गुडघ्यावर बसून एकदा शोधा. नसलंच कुठे, तर कंदावर किती माती आहे ते मोजा.

पावसाळ्याच्या आधीच्या शेवटच्या कोरड्या आठवड्यात मी आता दर वर्षी अर्धा तास या वाफ्याला देते. वर्षभरात वरून पडलेली पानं, पक्ष्यांनी उकरून टाकलेली माती, गांडुळांनी वर आणलेली माती, हे सगळं हळूहळू पुन्हा कंदावर चढतच असतं. जुना मऊ रंगाचा ब्रश घेऊन कंदाची पाठ उघडी करते, कडेचा चर साफ करते, आणि सगळी पानं मोजून वहीत लिहिते. गेल्या वेळी 27 होती.